दळवी बाईंची हजेरी

सहावीचं अख्खं वर्ष मी आईच्या फोनवर काढलं. त्या वर्षातला मला नीट आठवतो तो एकच तास, दळवी बाईंचा इतिहासाचा. गणिताच्या सरांनी फळ्यावर काही लिहिलं की नेमकी रेंज जायची. बाई फळा वापरायच्याच नाहीत. निवृत्तीला वर्ष उरलेलं असताना त्यांना मोबाईलवर शिकवायची वेळ आली होती, त्यामुळे सुरुवातीला आम्हाला त्यांचं कपाळ आणि वर फिरणारा पंखा एवढंच दिसायचं. मग कुणीतरी त्यांना फोन डब्याला टेकवून उभा करायला शिकवलं.

आमचे कॅमेरे मात्र बंद. मुलांचं नेट पुरत नाही, हे बाईंना पटलं होतं. पण हजेरी तोंडानेच द्यायची, चॅटमध्ये लिहिलेली चालणार नाही, हा त्यांचा हट्ट होता.

"आवाज तरी ऐकू दे रे," त्या म्हणायच्या, "मी काय पंख्याला शिकवतेय?"

हा हट्ट माझ्या जिवावर यायचा. आम्ही बोरीवली पूर्वेला, नॅशनल पार्कच्या भिंतीजवळ, पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत राहतो. मी माईक चालू केला की आधी गिरणी हजर व्हायची आणि मग मी. यज्ञेशने माझं नाव 'दोन किलो गहू' ठेवलं. खरं तर यज्ञेशने बोलूच नये, त्याच्या पाठीमागे रोज कुकर शिट्ट्या मारायचा. पण लाज मलाच वाटायची. 'हजर बाई' म्हणायचं, पटकन माईक बंद करायचा आणि तासभर गप्प बसायचं. कान्हेरीच्या लेण्यांचा विषय निघाला तेव्हासुद्धा मी गप्पच. आम्ही बुद्ध पौर्णिमेला तिथे जातो, पप्पांनी मला खांद्यावर बसवून तिथली दगडातली पाण्याची टाकी दाखवली होती, पण ते सगळं माझ्या पोटातच राहिलं.

एकदा हडप्पाचा धडा चालू होता. अक्षताला प्रश्न पडायची फार सवय. तिने विचारलं, "पण बाई, त्यांची लिपीच कुणाला वाचता येत नाही ना? मग ते कसे राहायचे, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुम्हाला तरी मी कुठे पाहिलंय?" बाई म्हणाल्या. "पण यज्ञेशकडे आपल्या तासाला कुकर लागतो. तुझी आजी उशिरा पूजेला बसते, घंटी ऐकू येते मला. आकाशच्या बाबांना धूळ सोसत नाही, केवढ्याने शिंकतात! आणि दर्शनाच्या खाली गिरणी आहे, शनिवारी तिथे गर्दी असते. माणूस दिसला नाही तरी घर कळतं, बाळांनो. खापरं, मणी, विटा, तेही असंच."

त्या दिवशी मी पहिल्यांदा गिरणीवर खूश झाले.

बाई दर वर्षी सहावीच्या वर्गाला कान्हेरीला न्यायच्या. आमच्या वेळी सगळंच बंद, त्यामुळे ती सहल झालीच नाही. शेवटचा तास आला.

"एवढी वर्षं शिकवलं," त्या म्हणाल्या, "पण कुणाला शिकवलं तेच माहीत नाही, असा हा पहिलाच वर्ग. एकदा बघायचंय रे तुम्हाला."

मग त्यांना मीटिंग बंद करायचं बटण सापडेना. आम्ही सगळ्यांनी त्यांना डोळे पुसताना बघितलं.

यंदा दहावी संपल्यावर अक्षताने बाईंना फोन लावला आणि एका रविवारी आम्ही कान्हेरीला जमलो. दोन लांब दगडी बाकं असलेल्या मोठ्या लेण्यात बाई आमच्या आधीच पोचल्या होत्या. फोनमध्ये वाटायच्या त्यापेक्षा खूपच बुटक्या निघाल्या. आम्ही आत शिरलो तशा त्या चटकन भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"कुणी नावं सांगायची नाहीत! मी आवाजावरून ओळखणार. द्या हजेरी."

"हजर बाई," यज्ञेश म्हणाला. सहावीत त्याचा आवाज चिमणीसारखा होता. आता नुसता भोंगा.

"सहदेव?"

"नाही बाई."

आकाशला त्यांनी यज्ञेश ठरवलं. अक्षताला तर भलत्याच मुलीचं नाव दिलं. तरी हसत होत्या, पण मग त्यांचं हसू गेलं.

"राहू दे," त्या भिंतीकडे बघतच म्हणाल्या. "नाही ओळखता येत मला. तेव्हा उगाच फुशारकी मारली मी."

मला इतकं वाईट वाटलं की सांगता येत नाही. आता पाळी माझी होती, आणि माझा नुसता आवाज तर बाईंनी कधी ऐकलाच नव्हता. मी छाती भरून श्वास घेतला.

"घर्रर्रर्रर्र..."

लेणं असं घुमलं की बाहेरचा वॉचमन डोकावून गेला.

"हजर बाई."

"दर्शना!" बाई जवळजवळ ओरडल्याच. "अगं, गिरणी घेऊन आलीस होय?"

यज्ञेशच्या डोक्यात लगेच प्रकाश पडला. त्याने दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली की बाई म्हणाल्या, "मेल्या यज्ञेश, तो भोंगा तू होतास? कुकर उतरव आधी!" अक्षताने टिणटिण केलं. आकाश बाबांसारखा शिंकला. एकेक करत बाईंनी सगळा वर्ग ओळखला, एकही नाव चुकलं नाही.

"सगळे हजर," पाठमोऱ्या बाई म्हणाल्या. त्यांनी पदराने डोळे पुसले, चष्मा नीट केला.

"आता कॅमेरे चालू करा," त्या म्हणाल्या, आणि आमच्याकडे वळल्या.