जमादार आणि चिंधा

नासीर पिंजारी फौजेतून परत आले तेव्हा त्यांच्या दंडावर तीन फिती होत्या. पोलिसात भरती झाले आणि त्या फिती गेल्या. माजी सैनिकांच्या जागेवर घेतलं खरं, पण घेतलं शिपाई म्हणून. कालपर्यंत ज्यांच्या हुकमावर पंधरा-वीस जवान नदीवर पूल बांधायचे, ते नासीर आता पहूरच्या बाजारात केळीच्या गाड्या बाजूला घ्यायला सांगू लागले. बायको आबेदा म्हणाली, "वाईट वाटत असेल तुम्हाला." ते म्हणाले, "सुरुवातीचे चार-सहा महिने वाटेल."

खरं तर त्याहून जास्त काळ वाटलं. पण त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही.

पाचोऱ्याच्या पिंजाऱ्यांचा हा पोरगा. वडील खांद्यावर धुनकी टाकून गावोगाव हिंडायचे, लोकांच्या ओसरीवर बसून गाद्या-रजयांचा कापूस पिंजायचे. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा भुवयासुद्धा पांढऱ्या झालेल्या असत. नासीरला तो कापूस नाकात गेला की शिंका यायच्या. जळगावला फौजेची भरती निघाली, तसा तो मित्राबरोबर गेला आणि एकटाच निवडला गेला. खडकीला इंजिनीअर पलटणीत शिकला, मग आसाम, सिक्कीम, पंजाब. बर्फाच्या पाण्यात कमरेपर्यंत उभं राहून त्याने दोर ओढले. वेगवेगळ्या गाठी शिकला. आजही, सत्तरीला आलेल्या नासीरभाईंच्या हाती आबेदाने वाळत घालायची दोरी दिली तर ती अशी बांधली जाते की सोडवायला पुन्हा त्यांनाच बोलवावं लागतं.

पोलिसातली वीस वर्षं मात्र विचारली तर त्यांच्या तोंडी पहिलं नाव येतं ते चिंधाचं.

चिंधा जामनेर तालुक्यातल्या एका खेड्यातला शेतकरी. बांधावरून चुलतभावाशी भांडण झालं, हातघाईवर आलं, आणि चिंधाने कुऱ्हाडीच्या दांड्याने भावाचा हात मोडला. त्याला अटक झाली. सप्टेंबरातल्या एका सकाळी त्याला जामनेरच्या कोर्टात न्यायचं होतं. सोबतीचा शिपाई तापाने पडला होता, म्हणून नासीरभाई एकटेच निघाले. चिंधाच्या हातात बेडी, बेडीचं दुसरं टोक त्यांच्या पट्ट्याला. एसटीत दोघं एका बाकावर बसले. चिंधा खिडकीतून लोकांची कपाशी बघत होता. वाटेत एवढंच बोलला, "जमादार, मन्ही कपाशी आते वेचणीले उनी व्हई."

तीन दिवस पाऊस धरून होता. वाटेतल्या नाल्यावर तेव्हा नुसता फरशीपूल होता. फरशीवरून थोडं पाणी वाहत होतं. ड्रायव्हरने अंदाज घेतला आणि गाडी घातली. मध्यावर इंजिन बंद पडलं. वरच्या अंगाला पाण्याचा लोंढा सुटलेला असावा, कारण बघता बघता पाणी पायऱ्यांवर आलं, मग आत. बायका ओरडू लागल्या. पंचवीसेक माणसं होती गाडीत.

नासीरभाईंच्या डोक्यात एकदम फौज जागी झाली. त्यांनी कंडक्टरला टपावरून दोर काढायला लावला. चाऱ्याच्या पेंढ्या बांधलेला जाड दोर होता. त्याचं एक टोक गाडीच्या दांडीला बांधलं. दुसरं टोक काठावरच्या बाभळीला बांधायला कोणीतरी पलीकडे जायला हवं होतं, आणि गाडीतलं टोक संभाळायला स्वतः नासीरभाई हवे होते.

"मी जास," चिंधा म्हणाला. "हाई मना नाला शे. लहानपनपाइन पव्हस मी आठे. बेडी काढा."

नासीरभाईंनी त्याच्याकडे पाहिलं. किल्ली खिशात होती. कैदी एकदा मोकळा झाला आणि पळाला तर नोकरी गेलीच म्हणून समजायची. पण मागे एक बाई तान्हं पोर डोक्यावर धरून उभी होती. त्यांनी किल्ली काढली.

चिंधाने दोर कमरेला गुंडाळला आणि उडी घेतली. पाण्याने त्याला खाली ओढत नेलं, पण तो तिरका तिरका पोहत काठाला लागला. गाठ कशी मारायची ते नासीरभाई इकडून ओरडून सांगत होते. दोर ताणला गेला. मग एकेक माणूस दोराला धरून जाऊ लागला. मध्ये नासीरभाई छातीपर्यंत पाण्यात उभे, काठावर चिंधा हात देऊन वर ओढायला. तान्ह्या पोराला नासीरभाईंनी स्वतः नेलं. चिंधाने ते अंगरख्यात गुंडाळून आईच्या हवाली केलं.

सगळ्यांत शेवटी ड्रायव्हरला पुढे घालून नासीरभाई काठावर आले. थोड्या वेळात गाडी कलंडली. सगळे तिकडे बघत राहिले. नासीरभाईंनी मागे वळून पाहिलं तर चिंधा नव्हता.

कंडक्टर जवळ आला. हळूच म्हणाला, "जमादार, वाहून गेला म्हणून सांगा. आम्ही सगळे साक्ष देऊ."

चार-पाच जणांनी माना हलवल्या. नासीरभाई ओल्या कपड्यांत तसेच उभे होते. ते म्हणाले, "मेला म्हणून एकदा लिहिलं ना, की तो जन्मभर मेलेलाच राहील. घरी जाता येणार नाही, शेतात जाता येणार नाही. नको."

ते चालत ठाण्यावर परतले आणि साहेबांपुढे उभं राहून म्हणाले, "बेडी मी काढली. कैदी पळाला."

त्या रात्री आबेदाला त्यांनी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "नोकरी गेली तर अब्बांची धुनकी आहे माळ्यावर." ते हसले. पण झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर चिंधा ठाण्याच्या फाटकातून चालत आत आला. पायावर वाळलेला चिखल. त्याने दोन्ही हात पुढे केले. नासीरभाईंनी त्याला आधी बाकावर बसवलं आणि चहा मागवला.

चौकशी झालीच. नासीरभाईंना ठपका बसला आणि बढती कितीतरी वर्षं लांबली. चिंधाची भावाशी पुढे तडजोड झाली, केस मिटली. त्यानंतर दर ईदला तो पाचोऱ्याला यायचा. येताना दादर ज्वारीची पिशवी आणायचा, आबेदाच्या हातचा शीरखुर्मा दोनदा मागून घ्यायचा आणि पाऊसपाण्याच्या गोष्टी करून जायचा. त्या दिवशी तो कुठे गेला होता, हे नासीरभाईंनी कधी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.

गेल्या हिवाळ्यात त्याच्या मुलाचा, ज्ञानेश्वरचा, फोन आला. "काका, आबा गेले."

नासीरभाई गुडघे दुखत असतानाही गेले. ओसरीवर चिंधाची बायको सुंदरबाई भिंतीला टेकून बसली होती. त्यांना पाहून तिने पदर सावरला. नासीरभाई समोर बसले. मग तीच बोलली.

"भाऊ, त्या दिन तो घर उना व्हता. अंग बठ्ठं चिखलनं भरेल. मी म्हनं, आते सुरतले निंघी जा, मना भाऊ शे तठे. मी त्यानं गठुडंबी बांधी ठेवं."

"मग?"

"तो म्हने, ज्यानी मना हात मोकळा करात, त्याना हात बांधाई जातीन. भाकर खादी नि पायेपाय निंघी गया. मी लई रडनू, भाऊ. तुमना राग उना व्हता माले, तुमले पाह्यं नव्हतं तरी."

इतकी वर्षं नासीरभाई समजत होते की चिंधा पळाला, मग घाबरला, आणि घाबरून परत आला. त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "राग यायलाच पाहिजे होता, अक्का."

"नंतर गया तो राग," सुंदरबाई म्हणाली आणि सुनेला भाकर वाढायला सांगितलं.

ओसरीवर उन्हाची तिरीप आली होती. नासीरभाईंनी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि ठेचा खाल्ला, हात धुतले आणि निघताना विचारलं, दहाव्याला आबेदाला आणलं तर चालेल का. सुंदरबाई म्हणाली, "तिले आना. माले तिले पाहानं शे."

दहाव्याच्या दिवशी दोघं सकाळच्या गाडीने गेले. गावातली माणसं सतरंजीवर बसली होती. त्यांनी सरकून नासीरभाईंना मध्ये जागा दिली, आणि आत बायकांत सुंदरबाईने आबेदाचा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही.