रेगेच्या टेपमधली रिकामी जागा

कल्पना करा, तुम्ही जुन्या टेप दुरुस्त करता. रेगेचं, म्हणजे जमैकातल्या ठेकेदार संगीताचं, गाणं रंगात आलंय आणि मध्येच गायकाचा आवाज गायब होतो. उरतात फक्त बास गिटार आणि ड्रम. तुम्ही काय कराल? हेच काम करणाऱ्या आमच्या आत्यानं त्याच गाण्याच्या दुसऱ्या टेपवरून आवाज उचलला आणि या टेपवर बेमालूम भरला.

टेप दुरुस्तीला देणाऱ्या निवृत्त ड्रायव्हरनं ती ऐकून कपाळाला हात लावला. "अहो ताई, तो आवाज गाणं बनवणाऱ्यांनीच मुद्दाम काढला होता! तिथंच तर आम्ही नाचायचो."

"मग आधी सांगायला तोंड शिवलं होतं का?" आत्या उसळली.

आवाज काढलेली तशी टेप त्याच्याकडे एकच होती, आणि तिच्यातली ती रिकामी जागा आता कायमची भरली गेली होती. तेव्हापासून आत्या चिडून आम्हालाच विचारतेय, मुद्दाम काढलेला आवाज आणि टेप झिजून गेलेला आवाज कानानं ओळखायचा कसा?