हवेतून चालतं, कुंडीत नको

डब्यात ओला कचरा रोज मूठ-मूठ टाकत गेलं, तरी झाकण उघडेपर्यंत आत काय शिजतंय ते कळत नाही. आमच्या सोसायटीतल्या ज्येष्ठांचे किस्से असेच साठलेत. परवा मैत्रिणींसमोर झाकण उघडलं, आता बंद होत नाही.

मी खारघरला राहते. पर्यावरणशास्त्रात एमएससी केलंय, नोकरी शोधतेय. म्हणजे कमिटीच्या भाषेत 'मोकळीच असते'. सोसायटीच्या मागच्या कोपऱ्यात कंपोस्टचा खड्डा करू या, असा मी हट्ट धरला तेव्हा परवानगी मिळाली, पण अटीवर. वार्षिक सभेत मतदान घ्यायचं. लोकांना पटलं तर खड्डा राहील, नाहीतर बुजवून तिथे पार्किंग. सेक्रेटरी देशमुखकाकांची दुसरी गाडी त्या दिवसापासून गेटबाहेर आशेने उभी होती.

* * *

सुरुवातीला क्लबहाउसमध्ये माझं भाषण ठेवलं. झाड हवेतला कार्बन घेतं, त्याचं पान करतं. पान मातीत कुजलं की थोडा कार्बन हवेत परत जातो, थोडा मातीत मुरून राहतो. तेच पान भाजीच्या देठांबरोबर पिशवीत कोंबून डम्पिंगला पाठवलं, तर हवेशिवाय सडतं आणि मिथेन सोडतं. तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा हवा कितीतरी जास्त तापवतो. सगळं चित्रं काढून सांगितलं.

प्रश्न विचारा म्हटल्यावर देशमुखकाका उठले. आपल्या खड्ड्यात कार्बन कितपत आहे, म्हणाले. मी खूश झाले. सांगितलं, भरपूर; सुका पालापाचोळा म्हणजे कार्बनचाच साठा.

काकांनी गंभीरपणे मान हलवली. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

* * *

मी मावसबहिणीच्या लग्नाला साताऱ्याला गेले. परत आले तर गेटपासूनच वास. खड्ड्यात नुसता ओला कचरा, वर माश्यांची जत्रा. सुकी पानं नसली की ओल्या कचऱ्याला हवा मिळत नाही, तो सडतो. पण मी तर पोती भरून पानं ठेवली होती!

देशमुखकाकांना विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "अगं, तूच म्हणालीस ना, कार्बन वाढलाय म्हणून? मी सगळा काढून टाकला."

"कुठे टाकलात?"

त्यांनी वॉचमनच्या केबिनमागे बोट दाखवलं. तिथे राखेचा ढीग होता.

"ठेवून काय करायचा? जाळला."

* * *

वास मी निस्तरला, तोवर तिसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्णीकाकू खाली आल्या. त्यांची तुळस सुकत चालली होती आणि त्यांना खत हवं होतं. पण खड्ड्यात माशांचे काटे पडतात, हे त्यांना नुकतंच कळलं होतं.

मी समजावलं. कार्बनला सोवळं-ओवळं नसतं. आज तुमच्या तुळशीत जो आहे तो कधीकाळी कुणाच्या तरी बोंबलात असेल. हवेतून सगळीकडे फिरतच असतो.

काकूंनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हवेतून आलेला चालतो. कुंडीत नको."

खड्ड्याच्या मध्ये विटांची भिंत घालावी लागली. एका बाजूला 'अ', म्हणजे व्हेज. दुसऱ्या बाजूला 'ब', म्हणजे बाकी सगळे. कार्बनचक्राचे दोन भाग पाडणारी खारघरमधली आमची पहिलीच सोसायटी असावी.

भिंत घालताना पाटीलकाका बघत उभे होते. ते मूळचे इथल्या गावचे. आमची बिल्डिंग त्यांच्याच शेतावर उभी आहे. ते काकूंना म्हणाले, "हितं आमची भातशेती व्हती. खताला सुकी मासली कुटूनच टाकायचो. तवा कोनी भिंत नाय घातली."

काकूंनी विचारलं, शेत नेमकं कुठे होतं?

"तुमचा किचन हाय ना, त्याच्या बराबर खाली."

* * *

घरी वेगळाच प्रकार. माझ्या भाषणाचा बाबांवर परिणाम झाला आणि ते दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन रिसायकलिंगला द्यायला लागले. धुवायच्या कशाने, तर गीझरच्या पाण्याने. थंड पाण्याने चिकटपणा जात नाही म्हणे. गीझरच्या विजेसाठी कुठेतरी कोळसा जळतो, हे मी रोज सांगायचे. ते रोज गीझर लावायचे.

पिशव्या जमा करणारं केंद्र बेलापूरला. बाबा गाडी काढून जायचे. एका दुधाच्या पिशवीसाठी किती पेट्रोल जाळाल, असं मी एकदा वैतागून विचारलं, तर त्यांचा चेहरा पडला. मला वाटलं, चला, एक तरी माणूस सुधारला.

पुढच्या रविवारी ते दोनदा बेलापूरला गेले. दुसऱ्यांदा शेजाऱ्यांच्या पिशव्या घेऊन.

* * *

सभेची तारीख जवळ आली तसं मला टेन्शन आलं. जाळलेली पानं सगळे विसरले होते, वास कुणी विसरलं नव्हतं. 'अ'मधलं खत दोघी-तिघी न्यायच्या. 'ब'मधलं कुणी मागायचं नाही, तरी तिथली पातळी खाली जात होती. मी घुशीला दोष दिला आणि वर जाळी टाकली. जाळी रोज सकाळी नीट घडी करून बाजूला ठेवलेली असायची. घूस चांगल्या वळणाची होती.

सभा खाली पार्किंगमध्येच भरली. एका बाजूला खड्डा, समोर बाल्कन्या. तिसऱ्या मजल्यावरची काकूंची तुळस ग्रिलच्या बाहेर येऊन खालच्या मजल्यावर डोकावत होती.

देशमुखकाकांनी प्रस्ताव मांडला, खड्डा बंद करावा. हात वर होऊ लागले. मी मोजायचं सोडून दिलं. प्रस्ताव मंजूर व्हायला थोडेसेच हात कमी पडत होते, आणि जे काठावर होते ते कुलकर्णीकाकूंकडे बघत होते. खड्ड्यावरून सगळ्यात जास्त भांडल्या होत्या त्याच. त्यांचा हात मात्र पदराखाली.

देशमुखकाका म्हणाले, "काकू, तुमचा तर पहिल्यापासून विरोध आहे. हात वर करा ना."

काकू खुर्चीतून उठल्या. आधी पाटीलकाकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"'अ' बंद करा हवं तर," त्या म्हणाल्या.