आडवी बाटली आणि फटफटीची चावी

माझा नवरा पितो. लपवून काय करू? सारंगखेड्याच्या अलीकडचं आमचं गाव, इथे कुणापासून काय लपतं? उसाला पाणी द्यायला जातो म्हणून निघायचा आणि शाळेच्या वाटेवरच्या देशीच्या दुकानात जाऊन बसायचा. माझी मुलगी दप्तर घेऊन त्याच्यासमोरून मान खाली घालून जायची. एकदा ते डोळ्यांनी पाहिलं आणि ठरवलं, हे दुकान बंद करायचंच.

अर्ज घेऊन आम्ही बायकांनी शहाद्याला किती खेपा घातल्या ते आमच्या चपलांना विचारा. शेवटी मतदान लागलं. मत फक्त बायकांचं. चिठ्ठीवर दोन बाटल्या. दुकान हवं तर उभ्या बाटलीवर शिक्का, नको तर आडव्या. पण मेख अशी, की गावातल्या मतदार बायकांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवीवर शिक्का मारला तरच दुकान बंद. म्हणजे जी आलीच नाही, तीही दुकानाच्याच कामाला आली.

दुकानदाराने हे बरोबर हेरलं. पुढाऱ्यांचं तर विचारूच नका, आम्हाला म्हणायचे "ताई, आम्ही तुमच्याच बाजूने", आणि चहा प्यायचे त्याच्या ओट्यावर. मतदानाच्या सकाळी त्याने चौकात टेम्पो उभा केला. तापीकाठच्या प्रकाशा गावी देवदर्शन, वर जेवण, सगळं फुकट! मी नळावरून येते तो अर्धी आळी रिकामी. आणि आमच्या आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणे सगळ्यांच्या आधी चढल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चुलत दिराला जीप काढायला लावली आणि निघाले.

प्रकाशाला देवळाच्या आवारात पंगतीची तयारी चालली होती. मी पदर खोचून मध्येच उभी राहिले. "देव काय आज उठून चाललाय का गं? तो उद्याही इथेच आहे. शिक्का मात्र आजच मारायचाय. चला!" कुणी हसल्या, कुणी पुटपुटल्या, पण उठल्या. आत्या तेवढ्या तापीच्या पायरीवर बसून राहिल्या.

"मी येवाव नही," त्या म्हणाल्या. "ते दुकान गावमा मीच आणेल शे."

मामा, म्हणजे माझे सासरे, सायकलीवरून नदीपलीकडे प्यायला जायचे आणि एकदा परत आलेच नाहीत, पुलाखाली सापडले, एवढं मला माहीत होतं. पुढचं त्या दिवशी कळलं. नंतर गावात दुकान आणायचं म्हणून ग्रामसभा बसली, तेव्हा बायकांमधून पहिला हात आत्यांनी वर केला होता.

"मन्हा पोऱ्या पायी घर येस," त्या म्हणाल्या. "दुकान बंद व्हयनं ते फटफटी लिसन पलीकडे जाई. मंग कोन आनी त्याले?"

मला रडूही आलं आणि रागही. इतकी वर्षं ही बाई उंबऱ्यात बसून लेकाची पावलं मोजत होती आणि मी समजत होते, लाडावून ठेवते.

"आत्या," मी म्हटलं, "मामांना नदीने एकदाच नेलं. तुमच्या लेकाला ते दुकान रोज नेतंय. तुम्ही तो घरी आला एवढंच बघता. जो घरी येतो, त्याच्यासोबत मी राहते. फटफटीची चावी मी कमरेला बांधीन. त्याने मारलं तरी देणार नाही. पण आज चला."

त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि जीपमध्ये बसल्या. शाळेत गेल्या, मत देऊन आल्या. कोणत्या बाटलीवर शिक्का मारला ते मी विचारलं नाही, विचारून सांगणाऱ्यातल्या त्या नव्हेतच.

आडवी बाटली जिंकली. आम्ही पटांगणात फुगड्या घातल्या, तर पुढारी हार घेऊन फोटोत घुसले. घुसा बापड्यांनो, म्हटलं.

दुकानाला सील लागलं त्या दुपारी मी चावी काढून घ्यायला गेले, तर खुंटी रिकामी. यानेच नेली, संपलं सगळं! तेवढ्यात नवराच समोर येऊन उभा राहिला आणि माझ्यापुढे हात पसरला. "चावी कुठे ठेवलीस?"

म्हणजे यानेही नेली नव्हती. ओट्यावर आत्या तूरडाळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मन्हापान शे," आणि कनवटीवर हात दाबून धरला.

"आई, दे ना."

"तुन्हा बापनी सायकल मी धरी नही," आत्या म्हणाल्या. "तुन्ही गाडी सोडाव नही."