गावाच्या वाटेवरचा चढ

सुरतेत चढ म्हणजे उड्डाणपूल. पहाटे वाहनं कमी असताना मी आणि माझी धाकटी नणंद उधन्याजवळच्या एका पुलावर वर-खाली धावायचो. दहा फेऱ्या झाल्या की डोंगरातल्या शर्यतीची तयारी झाली, असा माझा समज होता. मागच्या वर्षी तो खोटा ठरला. एकवीस किलोमीटरच्या त्या शर्यतीत दोन मोठे चढ होते. पहिला मी कसाबसा काढला. दुसऱ्याच्या मध्यावर खाली बसले आणि आयोजकांच्या गाडीतून पाण्याच्या रिकाम्या कॅनशेजारी बसून परत आले. पन्नाशी ओलांडलेल्या बाईला कोणी नावं ठेवली नाहीत. उलट, एवढं तरी केलंत म्हणून सगळ्यांनी कौतुक केलं. तेच मला जास्त लागलं.

यंदा पुन्हा नाव नोंदवलं. हातात आठ आठवडे होते, आणि बँकेची नोकरी असल्यामुळे मोकळा म्हणावा असा फक्त रविवार. वहीत अटी लिहिल्या. गाडीने दोन तासांच्या आत. डांबर नको, माती किंवा मुरूम. सलग दोन किलोमीटर तरी चढ. दोन बायकांना बिनघोर धावता येईल इतकी आसपास वस्ती. संध्याकाळी सहाच्या आत घरी. शेवटची अट नणंदेने घातली, "बघायलाही छान पाहिजे. नाहीतर आपला पूल काय वाईट आहे?"

पहिले तीन रविवार वाया गेले. एके ठिकाणी धबधब्यापर्यंत वाट होती, पण सहलीच्या बसगाड्या आणि मोठ्याने लावलेली गाणी यांतून धावणं शक्य नव्हतं. दुसऱ्या ठिकाणी नकाशावर पायवाट दिसत होती, प्रत्यक्षात नवा डांबरी रस्ता झाला होता. तिसरी जागा सुंदर होती, पण जायलाच साडेतीन तास लागले. मी तिन्हींवर रेघ मारली.

"काय वहिनी, डोंगर शोधताय की प्लॉट?" नणंद म्हणाली. ती शाळेत शिकवते, आणि चिडवायचं असलं की अहिराणीत जाते. "डोंगर काय पयी जाई राहिना?"

"डोंगर नाही पळत ताई, आठवडे पळतायत."

तेव्हा ती सहज बोलली, "गावाला जाताना व्यारा सोडलं की खिडकीतून दिसतात, ते डोंगर कसे आहेत?"

सव्वीस वर्षं मी त्या वाटेने धुळ्याकडे जाते-येते, कधी गाडीने, कधी रेल्वेने. सोनगडच्या आसपास दोन्ही बाजूंनी डोंगर उठतात. पण त्या वेळी आम्ही डबा उघडलेला असतो, किंवा "नवापूर आलं की उठवा" असं सांगून कोणीतरी आडवं झालेलं असतं. नकाशावर मी सुरतेभोवती सगळीकडे शोधलं होतं, त्या एका दिशेला सोडून. ती वाट माझ्या डोक्यात 'गाव' या नावाखाली होती. तिथे मधे उतरायचं असतं, हे आमच्यात कोणाला सुचलेलं नव्हतं.

चौथ्या रविवारी नवरा गाडी चालवायला तयार झाला. सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या, मीठ-साखरेचं पाणी आणि पायाला गुंडाळायच्या पट्ट्या. सोनगडच्या पुढे एका फाट्यावर आत वळलो. चहाच्या टपरीवरच्या म्हाताऱ्या गृहस्थांना नणंदेने गुजरातीत विचारलं. त्यांनी हात करून सांगितलं, खाडी ओलांडा, लगेच डावीकडे बैलगाडीची वाट आहे, ती थेट माथ्यावर जाते. मी लिहून घेतलं. नवरा टपरीवरच थांबला, आम्ही निघालो.

सागाची वाळलेली पानं पायाखाली मोडत होती. तुरीची शेतं मागे पडली. एक ओहोळ लागला, घोट्याएवढं स्वच्छ पाणी, खाली गोल दगड. आम्ही त्यात तोंड धुतलं आणि बुटांसकट त्यातूनच पुढे धावत राहिलो. खाडी काही येईना. रस्ता सपाटच होता. तीन किलोमीटर झाल्यावर माझा धीर सुटायला लागला. आजचाही रविवार गेला, असं मनात आलं.

डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली एक बाई समोरून आली. नणंदेने खाडी कुठे आहे, विचारलं.

तिने आमच्या ओल्या बुटांकडे पाहिलं आणि मोळी सांभाळत हसली. "जेमां पग बोळीने आव्या, ए ज खाडी!"

सुरतेत खाडी म्हणजे दोन भिंतींमधलं काळं पाणी, नाकाला रुमाल लावून ओलांडायचं. ते तोंड धुण्यासारखं पाणीही खाडीच, हे आम्हाला कसं कळणार? नणंद हसून हसून खाली वाकली. "वहिनी, खाडीत तोंड धुतलं आपण! दादाला सांगायचं नाही हं."

आल्या वाटेने मागे आलो. ओहोळाच्या काठाशीच, झुडपांच्या आड, बैलगाडीची वाट होतीच. मुरूम, मधे गवताची पट्टी, आणि पहिल्या वळणापासून चढ. मी पावलं लहान केली. पाचव्या वळणावर तीच जुनी धाप लागली, मागच्या वर्षी जिनं मला खाली बसवलं होतं. बसायला दगडही समोर होता.

"बसायचं असेल तर बसा," नणंद पुढून ओरडली, "पण इथे न्यायला गाडी नाही येणार."

मी बसले नाही. चालले, मग धावले, मग पुन्हा चालले. दोन किलोमीटर आणि वर थोडं. माथ्यावर वारा होता. खाली जलाशयाचं पाणी चकाकत होतं, आणि त्याच्या अलीकडे आमचा गावाचा रस्ता, त्यावर खेळण्यांएवढे ट्रक. नणंद मोबाइलवर फोटो काढत बसली. मी घड्याळ पाहिलं. साडेअकरा वाजत होते. सगळ्या अटी जमल्या होत्या, पण त्याने माझं काही सिद्ध होत नव्हतं. मागच्या वर्षीही पहिला चढ मी काढलाच होता.

उतरून पायथ्याशी आलो. नणंद गाडीच्या दिशेने वळली.

"ताई, तुम्ही व्हा पुढे. यांना म्हणावं, डबा उघडा."

"आणि तुम्ही?"

"मी आले तासाभरात."

तिने माझ्याकडे क्षणभर पाहिलं, बाटलीतलं उरलेलं पाणी माझ्या बाटलीत ओतलं, आणि टपरीकडे निघायच्या ऐवजी माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. "भूक लागली तर शिव्या देईन," म्हणाली.

आम्ही दोघी पहिल्या वळणाला लागलो. या वेळी पुढे मी होते.