नानांच्या नावाची सव्वा मूठ

स्वतःचंच प्रवचन ऐन रंगात आलेलं असताना "जरा थांबा, हे मला अजून कळलेलं नाही," असं म्हणून खाली बसणारा माणूस मी एकच पाहिला. आमचे नाना. पारोळ्यातलं आमचं चर्च म्हणजे पत्र्याची एक खोली आणि मोजकी घरं. पाळकसाहेब महिन्यातून एकदा धुळ्याहून यायचे. बाकीचे रविवार नानांच्या गळ्यात. नाना निवृत्त शिक्षक. ते असे मधेच बसले की आम्ही एकमेकांची तोंडं बघायचो, मग कोणीतरी गीत सुरू करून वेळ मारून न्यायचं.

त्यांचं घोडं अडायचं प्रेषित पौलापाशी. पौलाबद्दल ते असं बोलत, जणू तो पाचोऱ्याला राहतो आणि एखाद्या दिवशी एसटीने येईल. करिंथ गावच्या मंडळीने त्याला विचारलं होतं, मूर्तीपुढे ठेवलेलं अन्न खावं का? पौलाचं म्हणणं असं की मूर्ती काहीच नाही, तेव्हा अन्न हे नुसतं अन्न. पण तुला खाताना पाहून एखाद्या दुबळ्या भावाचा विश्वास डळमळणार असेल, तर त्याच्यासाठी ते सोड. मी शाळेत शिकवते, उत्तर तयार ठेवायची सवय. "नाना, सरळ तर आहे," मी म्हणायचे.

"सरळ आहे गं. पण पौलाने एकच भाऊ धरलाय. माझ्याकडे दोन असले तर?"

मला वाटायचं, म्हातारा उगाच शब्दांचा कीस काढतोय.

मग श्रावणात कानबाई आली, खानदेशात घरोघरी बसवतात ती देवी. नानांची बायको गेल्यापासून शेजारच्या कमलअक्का त्यांना भाकरी पोचवत. कानबाईच्या नैवेद्याच्या रोटासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात. रोट भाऊबंदांतच खायचा, बाहेरच्याला द्यायचा नाही. अक्कांनी त्या वर्षी घरच्यांची कुरकुर न जुमानता नानांच्या नावाची मूठ टाकली आणि ताट घेऊन ओट्यावर आल्या. "नाना, हाऊ तुमना वाटा शे. तुम्ही घरना शेतस."

नेमका तेव्हा ओट्यावर दानियल बसला होता. यावलकडच्या पाड्यावरचा, मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात काम करणारा, नुकताच बाप्तिस्मा घेतलेला. सणाच्या ताटावर बसायला नकार दिला म्हणून त्याच्या आईने त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. तो ताटाकडे बघत हळूच म्हणाला, "नाना, तुम्ही हे खाल्लं, तर मी घर कशासाठी सोडलं?"

नानांनी ताट दोन्ही हातांनी घेतलं. "जरा थांबा, अक्का," म्हणाले आणि आत गेले. त्यानंतर त्यांनी रोट तर खाल्ला नाहीच, दुसरंही काही तोंडात घातलं नाही. मी दुसऱ्या दिवशी गेले तर ताटासमोर बसलेले. मला रागच आला. "खा आणि मोकळे व्हा! दानियलला मी समजावते."

"समजावशील गं. पण दुबळा नक्की कोण? तो, की अक्का, की मीच?"

संध्याकाळी ते स्वतः ताट घेऊन शेजारी गेले. मीही मागोमाग. "अक्का, मला नाही खाता येत. त्या पोराला माझ्याशिवाय कोणी नाही." मला वाटलं, आता हे दार कायमचं बंद होणार. अक्कांनी पदराला हात पुसले. मग ताट हातात घेत म्हणाल्या, "मंग तुमना वाटा मी खासू. पन मूठ दरसाल पडी."

आणि दरसाल पडली. दरसाल अक्का नानांचा वाटा खात आल्या, आणि नाना ओट्यावर बसून त्यांना खाताना बघत. "यातलं काही पौलाने लिहिलेलं नाही," असं मला म्हणत. हे जिंकणं की हरणं, तेही त्यांनी कधी सांगितलं नाही. मला विचाराल तर त्यांनाही ठाऊक नव्हतं.

नाना या उन्हाळ्यात गेले. त्यांच्या खोलीत आता दानियल राहतो. अक्कांची भाकरी आता त्याला जाते. नानांची आठवण मला शाळेतसुद्धा येते. मुलांना उत्तर सांगता सांगता मधेच थांबते आणि मुलं गोंधळतात.

आज दुपारी दानियल माझ्या दारात आला. हातात ताट. अक्कांनी यंदा त्याच्या नावाची मूठ टाकली होती.

"ताई, ज्याच्यासाठी नानांनी कधी खाल्लं नाही, तो मीच कसा खाऊ? आणि ज्यांनी त्यांचा वाटा खाल्ला, त्या अक्कांना नाही कसं म्हणू?"

माझं उत्तर वर्षानुवर्षं तयार होतं: खा आणि मोकळा हो. ते सांगायला तोंड उघडलं. दानियल माझ्याकडे बघत उभा होता.

"जरा थांब," मी म्हणाले, आणि ताट दोन्ही हातांनी घेतलं.