ड्रिलची बॅटरी

काल घरी आलेल्या सुताराने काम संपल्यावर ड्रिलची बॅटरी खटकन काढली आणि मला गोंदियातलं ते हॉस्पिटल आठवलं. तिथे ऑपरेशनची अवजारं मी गॅसच्या मशीनमध्ये निर्जंतुक करायचो. तो गॅस ठिणगीने पेटतो, म्हणून हाडाच्या ड्रिलची बॅटरी आधी काढायची, हा पहिला नियम. त्या सकाळी डॉक्टरांची घाई चालली होती. "बॅटरी काढली ना रे?" सोबतच्या ताईंनी विचारलं. "काढली ना ताई, आज का नवीन आहो मी?" मशीन सुरू झाल्यावर आठवलं, काढलीच नव्हती. सांगायला तोंड उघडलं नाही. मशीनचं दार उघडायची वेळ झाली तसा "चहा सांगून येतो" म्हणत मी बाहेर पडलो आणि रस्त्यापलीकडच्या टपरीमागे जाऊन कान देऊन उभा राहिलो. काहीच झालं नाही. परतलो तेव्हा ताईंच्या मांडीवर ड्रिल होतं, बॅटरी लागलेलीच. "विसरलास तं विसरलास," त्या म्हणाल्या, "पण मले दार उघडाले ठेवून तू चहाले काऊन गेलास?" तल्लफ आली होती, म्हणालो. ताई, मला माहीत होतं. म्हणूनच गेलो.